मोजणीचं पहिलं वर्ष

धाकटीच्या बेकरीत गल्ल्याच्या वर एक फ्रेम लागली आणि भिंतीपलीकडच्या लॉन्ड्रीत थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. फ्रेममध्ये प्रमाणपत्र होतं: या बेकरीने आपलं कार्बन उत्सर्जन मोजलं आणि कमी केलं. दोघी सख्ख्या जावा. सासरे पाव घ्यायच्या निमित्ताने रोज बेकरीत जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फ्रेम दाखवायचे. अंगात मात्र थोरलीने इस्त्री केलेला सदरा असायचा. त्याचं कौतुक कुणी काचेत घातलं नव्हतं.

"धूर तिच्या भट्टीचा, आणि शाबासकीही तिलाच," थोरली नवऱ्याला म्हणाली.

"मग तूही घे ना प्रमाणपत्र," नवरा म्हणाला. भांडण टाळायला तो काहीही सुचवायचा.

नेमकं तेव्हाच कारणही मिळालं. ज्या हॉस्पिटलच्या चादरींवर लॉन्ड्री उभी होती, त्यांनी कळवलं, तीन वर्षांत असं प्रमाणपत्र आणा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. थोरलीने फी भरली. तोंडाने ती हॉस्पिटल हॉस्पिटल म्हणत होती, डोळ्यांसमोर फ्रेम होती.

प्रमाणपत्राच्या संस्थेचा माणूस आला. थोरलीने त्याचं नाव मोजणीवाला ठेवलं. वीज, गॅस, टेम्पोचं डिझेल, सगळ्याची बिलं लागतील असं सांगून तो म्हणाला, "पहिलं वर्ष मात्र नेहमीसारखं चालवा. पुढची तुलना त्याच्याशीच होते."

थोरलीचं लक्ष कुठे होतं? धाकटीच्या उत्सर्जनाचा आकडा तिने सासऱ्यांकडून गोड बोलून काढून घेतला होता. आपला त्याच्या निम्मा यायला हवा, एवढंच डोक्यात. त्याच आठवड्यात ड्रायर बंद झाले, गच्चीभर दोऱ्या आल्या, वाळत घालायला दोन बायका जास्तीच्या लागल्या. टेम्पो उभा राहिला आणि नवरा तीनचाकी सायकलवरून गठ्ठे पोचवू लागला.

"तुझ्या वडिलांनी जावई बघितला होता की घोडा?" तो धापा टाकत विचारायचा.

वर्षअखेर आकडा निम्म्याहून कमी आला. थोरली कधी नव्हे ती पाव आणायला स्वतः बेकरीत गेली आणि सुट्ट्या पैशांबरोबर आकडाही सांगून आली.

"छान की, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आमचा पहिल्या वर्षी लाज वाटावी असा होता. दार न लागणारी जुनी भट्टीसुद्धा मोजून घेतली मी."

बावळट आहे, असं मनात म्हणत थोरली खुशीत परतली. आता जिंकलोच, म्हणून तिने ड्रायर सुरू केले, टेम्पो बाहेर काढला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोजणीवाल्याने डोकं खाजवलं. "प्रमाणपत्र उत्सर्जन कमी केल्याचं मिळतं. तुमचं तर दुपटीने वाढलंय."

"शेजारच्या बेकरीपेक्षा कमीच आहे ना?"

"त्यांच्याशी तुमची तुलनाच नाही, ताई. तुमची तुलना तुमच्याशी."

स्वतःकडे बघायची थोरलीला सवय नव्हती. धाकटीने तेवढी फुरसतच कधी दिली नव्हती.

"एक वाट आहे," मोजणीवाला म्हणाला. "पहिलं वर्ष नेहमीचं नव्हतं, असं लिहून द्या. आम्ही हे दुसरं वर्ष पाया धरू. पुढच्या वर्षी कमी करून दाखवा. हॉस्पिटलची मुदतही गाठाल."

लिहून द्यायचं म्हणजे सासऱ्यांना कळणार, धाकटीला कळणार. थोरली बराच वेळ इस्त्रीची वायर गुंडाळत राहिली. मग विचारलं, "बेकरीचं किती कमी झालं होतं?"

"दुसऱ्याचं आम्ही सांगत नाही."

"बारा टक्के," नवरा म्हणाला. "फ्रेमवरच आहे, रोज वाचतो."

"रोज?" थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चादरीच्या घड्या घालायला लागला. मग ती मोजणीवाल्याकडे वळली. "आणि आम्ही निम्म्या चादरी कायमच्या दोरीवर घातल्या तर?"

त्याने हिशेब केला. "वर्षभर टिकवलंत, तर पंचवीसच्या आसपास."

"पेन द्या," थोरली म्हणाली.

नवरा मुकाट्याने सायकलची हवा बघायला गेला.

दोऱ्या पुन्हा बांधल्या गेल्या, तेव्हा धाकटी बेकरीच्या मागच्या दारात येऊन वर बघू लागली. "जाऊबाई, यंदा किती टक्के काढणार म्हणे?" आवाज मधाळ होता, नजर दोऱ्या मोजत होती.

थोरलीने चिमटा लावता लावता आकडा सांगितला. पाव करपल्याचा वास गच्चीपर्यंत आला, तरी धाकटी तिथेच उभी होती.