आत सरका

"आज तेवढं घरी ठेवलं असतंत हिला, तर बरं झालं असतं," मुख्याध्यापिकाबाई फाटकातच म्हणाल्या. आवाजात नुसती साखर. "पाहुणे येतायत. उगाच तिला त्रास."

आईने लेकीचा हात सोडला नाही. ती बसवर कंडक्टर. इथूनच पुढे कामावर जायचं, म्हणून अंगात गणवेश होता. लेक नऊ वर्षांची. वाचताना डुलायची, गुणगुणायची. शब्द उशिरा यायचे, पण यायचे.

"कसले पाहुणे?"

"पुरस्कार द्यायला येतायत. सर्व मुलांना सामावून घेणारी शाळा म्हणून!"

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि माझ्या पोरीला कुठे सामावणार होतात? माळ्यावर?"

ती तरातरा वर्गाकडे निघाली. लेक मात्र वर्गाच्या दाराशी थांबलीच नाही. सरळ पुढे व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथे झाडू-बादल्यांशेजारी, भिंतीकडे तोंड करून एक बाक होता. त्यावर तिने सवयीने दप्तर ठेवलं.

रोज संध्याकाळी आई विचारायची, "कुठे बसलीस गं?" लेक म्हणायची, "बाकावर."

"कधीपासून?" आईने वर्गशिक्षिकेला विचारलं.

पोरसवदा बाई. तिची मान खाली. "पहिल्या चाचणीपासून. ती गुणगुणते, मग बाकीच्यांचं लक्ष... मला वरून तसं सांगितलं होतं."

आईने दप्तर लेकीच्या हातात दिलं आणि बाक ओढायला घेतला. लोखंडी पाय फरशीवर किंचाळत निघाले. समोरून पाहुणे येत होते. मुख्याध्यापिकाबाई धावल्या.

"अहो, काय चालवलंय हे! पाहुणे आलेत!"

"येऊ दे की. बघू दे त्यांनाही, कसं सामावतात ते!"

वर्गात बाक दाटीने लावलेले. दारातच तिचा गाडीतला आवाज सुटला, "चला, आत सरका! जागा आहे, आत सरका!"

वर्गात हशा पिकला आणि बघता बघता बाक सरकले. मधल्या रांगेत जागा झाली. लेक बसली. शेजारच्या मुलीने आपली वह्या-पुस्तकं थोडी अलीकडे ओढून घेतली.

आईला अजून खूप बोलायचं होतं. पाहुणे दारात खोळंबले होते. तेवढ्यात लेकीने तिची बाही ओढली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"आई, तू जा ना. सगळे बघतायत."

ओठांवर आलेलं सगळं गिळून आई बाहेर पडली. व्हरांड्याच्या टोकाशी फरशीवर बाकाच्या पायांचे चार गंजके डाग पडले होते. तिने चपलेने घासून पाहिले. पुन्हा घासले.

निघेनात.