भिंतीकडे तोंड केलेला खोडा

मी एक जुना खोडा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फार फिरलेलं आहे. खोडा म्हणजे लोखंडी नळ्यांची चौकट. गाय-म्हैस मागून आत येते, गुमान उभी राहते, डॉक्टर तिला तपासतात. मग पुढची दांडी काढली की ती समोरून बाहेर पडते. एवढं साधं माझं काम!

कर्जतच्या एका वेल्डरने मला जोडलं आणि कडावच्या वाटेवरच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यासमोर रोवलं. जनावरांच्या अंगांनी घासून माझ्या नळ्या गुळगुळीत झाल्या. मग डॉक्टरांची बदली झाली आणि नवं कोणी येईना. माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. आजारी जनावरं टेंपोत घालून लांब न्यावी लागत. काही वाटेतच जात.

शेवटी, जिथं डॉक्टर जात नाहीत तिथं राहणाऱ्या डॉक्टरला सरकारने अनुदान द्यायचं ठरवलं, म्हणून डॉक्टर सुप्रिया आल्या. मला कोण आनंद झाला! पण दवाखान्याच्या दुरुस्तीलाही अनुदान होतं ना. रूपेश ठेकेदाराने दारात अनुदानाची भलीमोठी पाटी लावली. फोटोत मी पाटीच्या आड येतो म्हणे! डॉक्टर लसीकरणाला गेलेल्या असताना त्याने मला उपटलं आणि मागच्या नव्या कुंपणाच्या भिंतीला चिकटवून सिमेंटमध्ये पक्कं केलं. तोंड भिंतीला! अहो, म्हैस काय रिक्षा आहे रिव्हर्स घ्यायला?

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"भिंत सरकारी हाय, मॅडम. आता हात लावता येनार नाय," रूपेश म्हणाला आणि गेला.

परवा ठकूबाई आपली गाभण म्हैस घेऊन आली. तिचं घर या एकाच म्हशीवर चालतं. रेडकू पोटात आडवं आलं होतं.

"उभी धरूनच सरळ करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि झालं की लगेच पुढून काढून मोकळ्यावर बसवायची."

पण समोर भिंत बघून म्हशीने पाय रोवले. ओढली, ढकलली, चुचकारली. छे!

"चंद्रे, चल गं माजी बाय!" ठकूबाई रडायला लागली. "डाक्टरीनबाय, ही गेली तर आमी काय खावं?"

डॉक्टर शिपायाकडे वळल्या. "चांगो, पहार आण."

"मॅडम, भिंत सरकारी..."

"मीपण सरकारीच पैशावर आलेय. आण!"

चांगोने पहार घातली. भिंत कसली, नुसती भुसभुशीत माती! भगदाडातून पलीकडचं गवत दिसलं आणि चंद्री आपणहून माझ्यात शिरली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्या घामाघूम झाल्या, पण रेडकू सरळ झालं. दांडी निघाली, चंद्री गवतावर जाऊन बसली आणि थोड्या वेळात व्याली. रेडी झाली! कितीतरी वर्षांनी मला खोडा असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात रूपेश धावत आला. "भिंत कोनी पाडली रं?"

"माज्या म्हशीनं," ठकूबाई रेडीला पुसता पुसता म्हणाली. "जा, कर तिची तक्रार!"

आता ऐकतो की ते भगदाड बुजवायला नवं अनुदान येणार आहे. मित्रांनो, मला हात असते तर जोडले असते. अनुदान जरूर द्या, त्याशिवाय डॉक्टर आल्या नसत्या. पण काही बांधण्याआधी एकदा, एकदाच, एखादी म्हैस आत-बाहेर चालवून बघा हो!