दुसरी चावी

सहा वर्षांत लिसबेटला एकदाही थंड घरात पाऊल टाकावं लागलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी पॅरिसचं ऑफिस सुटलं की ती गाडी काढायची आणि साडेतीन तासांनी मोर्व्हांच्या डोंगरातल्या त्या सात घरांच्या वस्तीवर पोचायची, तेव्हा तिच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत असायचा. घराची दुसरी चावी शेजारच्या आल्सीद राव्हिएकडे होती. ती गोठ्याच्या चाव्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या बायकोनं, सोलांजनं, तिला लाल लोकरीचा धागा बांधला होता. म्हातारा चारच्या सुमारास यायचा, लोखंडी शेगडी पेटवायचा, लाकडं रचून ठेवायचा, आणि लिसबेटची गाडी वाजली की कुंपणापलीकडून ओरडायचा, "आलीस का पोरी? पॅरिस आहे ना अजून जागेवर?"

लिसबेट मूळची रॉटरडॅमची. पॅरिसमध्ये सोळा वर्षं काढली, तरी जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या लेखी ती अजून "ती डच बाई"च होती. त्यामुळे सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना "माझं गाव", "माझे शेजारी" असं म्हणताना तिची छाती फुगायची. तिकडे माणसं अजून माणसांसारखी राहतात, असं ती सगळ्यांना ऐकवायची. हिवाळ्यात सोलांज तिला रानडुकराच्या मांसाच्या पाच-सहा बरण्या द्यायची, चांगलं मसाला घालून, शिजवून, वर चरबीचा थर दिलेलं. त्या बरण्या पॅरिसच्या मित्रमंडळींपुढे उघडताना तर बाईंचा रुबाब बघावा. त्या बरण्या आपल्याकडे का येतात, हे विचारायचं मात्र तिला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. मायेपोटी देतात, दुसरं काय, असं ती धरून चालली होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिचं शिकाऱ्यांशी वाजलं. सकाळी आठला तिच्या बोळात चार गाड्या उभ्या, कुत्री भुंकतायत, आणि घरामागच्या तिच्या दोन एकर रानातून बंदुकीचे बार. लिसबेट झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून बाहेर आली आणि तोंडाला येईल ते बोलली. मी इथे शांततेसाठी येते, तुम्ही माणसं आहात की कोण, वगैरे. शिकाऱ्यांचा म्होरक्या, लाल टोपीचा एक आडदांड गडी, म्हणाला, "मादाम, हे रान तुम्ही यायच्या आधीपासून इथे आहे आणि डुकरंही." बाकीचे हसले. आल्सीदही त्यांच्यातच उभा होता. तो हसला नाही, पण तिची बाजू घेऊन एक शब्दही बोलला नाही. आपल्या बुटांकडे बघत राहिला. लिसबेटच्या मनाला लागलं ते हेच.

पुढच्या शनिवारी सकाळी रानातून पुन्हा बार ऐकू आले आणि ती सरळ बाजाराला निघून गेली. दुपारी परतली तर दाराच्या कडीला पांढरी प्लास्टिकची पिशवी टांगलेली. पिशवीतून रक्त ठिबकत होतं आणि पायरीवर त्याचं चांगलं थारोळं झालं होतं. तिनं पिशवी दोन बोटांनी उघडली. आत कातडी-केसांसकट एक अख्खी तंगडी, खूर तसाच. चिठ्ठी नाही, नाव नाही.

लाल टोपीवाल्याच्या टोळीचं हसणं डोळ्यांपुढे आलं आणि मग, कसं कोण जाणे, बुटांकडे बघणारा आल्सीदही. हे त्याला ठाऊक असणार, असं तिच्या मनात आलं. तोही त्यांच्यातलाच.

तिथून आल्सीदचं कुंपण तीस पावलांवर. सोलांजच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता, रेडिओ लागलेला ऐकू येत होता. तीस पावलं जाऊन एक हाक मारली असती तरी काम भागलं असतं. लिसबेटनं दार आतून लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. धमकी, असा शब्द तिनं वापरला. दोनदा वापरला.

तासाभरात दोघे आले, एक जाडा हवालदार आणि एक तरुण बाई. जाड्यानं पिशवीत डोकावलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि सोबतिणीकडे बघून मिशीत हसला.

"मादाम, अशी धमकी मला दर शनिवारी मिळाली तरी चालेल."

"म्हणजे?"

"अहो, हा तुमचा वाटा आहे! तुमच्या रानात शिकार झाली ना? ज्याचं रान त्याला वाटा. आमच्याकडे आजोबांच्या आजोबांपासून हे असंच चालतं. आणि हे बघा, मागची तंगडी आहे. ही कोणी कोणाला उगाच देत नाही."

लिसबेटचे कान तापले. "मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. सहा वर्षं घर असलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य कसं वाटतं, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"आता फोन नोंदवला गेलाय," ती तरुण पोलीस बाई म्हणाली. "शिकारी जिथे मांसाचे वाटे करतात, त्या शेडवर जाऊन आम्हाला कागदपत्रं बघावी लागतील."

"राहू द्या ना. माझी चूक झाली."

"दोनच मिनिटांचं काम आहे, मादाम. तुमचं नाव येणार नाही."

नाव येणार नाही हे ऐकून लिसबेटला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तिनं पायरीवर बादलीभर गरम पाणी ओतलं, तंगडी फ्रिजमध्ये मावेना म्हणून आतल्या फळ्या काढल्या, आणि हा विषय इथे संपला असं स्वतःला बजावलं.

रविवारी दुपारी जेवायला राव्हिएंकडे जायचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलंच. ती गेली. टेबलावर सूप होतं, पाव होता, नेहमीचा लाल वाइनचा घडा होता. चुलीशेजारच्या भिंतीवर दोन खिळे मात्र रिकामे होते. आल्सीदच्या बापाची जुनी दुनळी बंदूक त्या खिळ्यांवर असायची.

"बंदूक कुठेय?" तिनं विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"नेली," आल्सीद म्हणाला आणि पाव कापत राहिला.

सोलांजला मात्र गप्प बसवेना. "काल पोलीस आले होते शेडवर! कोणीतरी फोन केला. सगळ्यांचे परवाने बघितले. याचा यंदा नवा केलेला नव्हता. याचे हात थरथरतात, डॉक्टर सही करायला तयार नाही. म्हणून हा बार काढतच नाही, नुसती बंदूक खांद्याला लावून कुत्र्यांबरोबर उभा राहतो. सत्तावन्न वर्षं उभा राहतोय तिथे! पण पोलिसांना कोण सांगणार? इथे घरी येऊन जप्त केली. वर कोर्टाचा कागद येणार म्हणे."

"पुरे गं," आल्सीद म्हणाला.

"का पुरे? आणि पोरी, तुला तंगडी मिळाली ना? ती याची होती. आमच्यात वाटे मांडतात, एक जण पाठ करून उभा राहतो आणि नावं घेतो. ज्याचं नाव निघेल त्याचा तो वाटा. याला तंगडी लागली, तुला मानेचा तुकडा. दरवर्षी तुझा वाटा मीच शिजवून बरण्यांत भरते. शहरातली बाई कच्च्या मांसाचं काय करणार, म्हणून. यंदा हा म्हणतो, नको, पोर चिडलीय आपल्यावर, तिला तंगडी दे, तीही ताजी, तिच्या दाराला लाव. मान आपण खाऊ."

लिसबेटच्या ताटात मानेचाच रस्सा होता. सांगायला हवं, आत्ताच्या आत्ता. रस्सा संपला की सांगते, असं तिनं ठरवलं. रस्सा संपला.

"मला ठाऊक आहे कोणी फोन केला ते," सोलांज म्हणाली. "झिनेत."

झिनेत म्हणजे आल्सीदची धाकटी बहीण, चौकातल्या घरात राहणारी. बांधावरच्या एका अक्रोडाच्या झाडावरून नणंद-भावजयीत दहा वर्षं धुसफूस चालू होती.

"झिनेत असं नाही करणार," आल्सीद म्हणाला, पण त्याचा आवाज पडलेला होता.

"मग कोण करणार? आकाशातून फोन आला? पुढच्या रविवारी तिच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. मी पाय ठेवणार नाही त्या घरात. तूही नाही. तू त्या पोराचा धर्मपिता होणार होतास ना? शोधू दे तिला दुसरा."

आल्सीद चाकूच्या टोकानं पावाचे कण गोळा करत बसला. त्याचे हात खरंच थरथरत होते. हे लिसबेटनं आज पहिल्यांदा पाहिलं. हेच हात गेली सहा वर्षं तिची शेगडी पेटवत होते.

चीज येऊ दे, मग सांगते. चीज आलं. कॉफी येऊ दे. कॉफीही आली आणि लिसबेट म्हणाली, "रस्सा फार छान झाला होता." हे एवढंच तिच्यानं बोलवलं. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तिनं उठून कोट घातला, दोघांच्या गालांना गाल लावले आणि गाडी काढली.

चौकात झिनेत आपल्या दारापुढची पानं झाडत होती. लिसबेटची गाडी बघून तिनं खराटा वर केला, नेहमी करायची तसा. "सांभाळून जा गं! रस्ता निसरडा झालाय!"

लिसबेट गावाबाहेरच्या दगडी क्रूसापर्यंत गेली आणि तिथे गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मग वळली.

आल्सीद अंगणात कुत्र्याला खायला घालत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "काय विसरलीस, पोरी?"

"फोन झिनेतनं नाही केला. मी केला."

तो भांडं हातात धरून तसाच वाकलेला राहिला.

"मला वाटलं कोणीतरी घाबरवायला लावलंय. रक्त होतं. त्या रविवारी तुम्ही पण गप्प उभे होतात, मस्यू आल्सीद, म्हणून मला वाटलं की तुम्हाला पण..." ती एक पाऊल पुढे आली. "मी तुमच्यावर संशय घेतला. आणि जेवताना तुमच्या तोंडावर खोटं वागले. मी कोर्टात येऊन सांगेन. माझी चूक होती, लिहून देईन."

"कोर्टाचं असू दे. परवाना नव्हता, ही माझीच चूक." त्यानं भांडं खाली ठेवलं. बराच वेळ तो कुंपणाकडे बघत होता, तिथून तिच्या दारापर्यंतचं अंतर मोजल्यासारखा. "मी घरातच होतो. एक हाक मारायची होती."

"हो."

"एक हाक."

"मला माफ करा."

"झिनेतला बरं वाटेल," तो म्हणाला. "जाऊन सोलांजला सांगतो." दाराशी पोचून तो वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. "उशीर होईल. निघा तुम्ही, मादाम."

सोमवारी ऑफिसात कोणीतरी विचारलं, कसं आहे तुझं गाव? लिसबेट म्हणाली, थंडी आहे.

पुढच्या शुक्रवारी जावं की न जावं, हे ती दुपारपर्यंत ठरवत होती. शेवटी गेली. वाटेत तिनं मनाशी पक्कं केलं की आज घर थंड असणार, धुराडं कोरडं असणार, आणि ते आपण मुकाट सोसायचं. वळण घेतलं आणि धूर दिसला. लिसबेट गाडीतच रडली. मग डोळे पुसून, कुंपणाकडे कान देऊन, मुद्दाम सावकाश उतरली. दार जोरात लावलं. पलीकडून कोणी ओरडलं नाही.

आत शेगडी रसरसून पेटली होती. लाकडं रचलेली होती, नेहमीपेक्षा दुप्पट, बारीक काटक्या वेगळ्या बांधून, कागद आणि काडेपेटी बाजूला, पहिल्यांदा शेगडी पेटवणाऱ्या माणसाला लागेल तसं सगळं. आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर चावी होती. लाल धागा कापून काढलेला होता.

तिनं चावी उचलली. शेगडीजवळच्या टेबलावर पडून ती कोमट झाली होती. स्वतःची चावी तिच्या दुसऱ्या हातात होतीच. दोन्ही चाव्या घेऊन ती उभी राहिली. ही दुसरी चावी ज्याच्याकडे द्यावी, असं त्या गावात आता कोणी नव्हतं.