मोटरीला चढवलेलं कडं

लेकीची मोटर ओरडते असं कुणी म्हटलं की बापाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं तर ती ओरडायचीच. शेजारच्या शेडमधल्या मंडळींनी तिचं नाव 'गायिका' पाडलं होतं.

बाप वाइंडर. चाळीस वर्षं मोटरींमध्ये तांब्याची तार भरून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले. लेक इंजिनियर. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती बापाच्या शेडमध्ये परतली होती आणि चुंबकाशिवाय चालणाऱ्या मोटरीचा ध्यास घेऊन बसली होती. मधोमध दातेरी लोखंड, भोवती कॉइली. एकेका कॉइलीत वीज सोडायची, तिने लोखंड ओढलं की लगेच तोडायची. मोटर स्वस्त आणि दणकट. पण दर वेळी वीज तुटली की आत ओढलं गेलेलं मोटरीचं बाहेरचं अंग झटक्यात सुटायचं आणि पडलेल्या ताटलीसारखं झणझणायचं.

ग्रंथालयाला पुस्तकं वरच्या मजल्यावर नेणाऱ्या छोट्या लिफ्टसाठी मोटर हवी होती. शनिवारी चाचणी. नापास झाली तर लेक सोमवारी परगावच्या जुन्या नोकरीवर रुजू होणार होती; तिने कंपनीला तसा शब्दच देऊन ठेवला होता. "जायचं तर जा बापडी," असं बाप तोंडाने म्हणायचा. ती आल्यापासून आपल्याला दोन घास जास्त जातात, हे मात्र त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी लेकीने तोड काढली. वीज एकदम तोडायचीच नाही, दोन टप्प्यांत तोडायची. पहिल्या झटक्याने अंग थरथरायला लागलं, की सेकंदाच्या चार हजाराव्या भागानंतर दुसरा झटका द्यायचा. तो त्या थरथरीच्या बरोब्बर उलटा पडतो आणि दोघं एकमेकांना जिरवतात. गायिकेचा आवाज बसला. लेक खुशीत घरी जेवायला गेली.

इकडे बापाला राहवेना. एवढ्याशा आकड्यावर पोरीचं सगळं अवलंबून? त्याने एक जाडजूड लोखंडी कडं तापवलं आणि मोटरीच्या अंगावर चढवलं. गार होताच ते गच्च आवळून बसलं. वरून रंगाचा हात मारला. आता कशी थरथरते तेच बघतो, असं म्हणून तोही जेवायला गेला.

शनिवारी ग्रंथालयात बटण दाबलं आणि मोटरीने असा काही सूर लावला, की वाचणाऱ्यांच्या झाडून सगळ्या माना वर झाल्या. ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"काल नीट चालली होती हो," लेक म्हणाली. तिने वायरी तपासल्या, प्रोग्राम तपासला. काही सापडेना. तिचा चेहरा पार उतरला.

बाप मोटरीजवळ सरकला.

"पोरी, मी तिला कडं घातलंय."

"काय घातलंय?"

"लोखंडाचं. म्हटलं, जरा मजबुती येईल."

लेकीला असं हसू फुटलं, की तोंडावर हात दाबावा लागला. "अहो बाबा, तुम्ही तिला आवळलंत! आता ती आणखी भरभर थरथरते आणि माझा दुसरा झटका उशिरा पोचतोय!"

तिने मोटरीवर लाकडी हातोडीने हलकेच टकटक केलं, मीटरवर थरथर मोजली आणि प्रोग्राममध्ये चार हजारांच्या जागी पाच हजार घातले.

"मग कडं काढू?" बापाने विचारलं.

"मुळीच नको. मस्त बसलंय."

बटण दाबलं. पुस्तकांची पेटी वर निघाली. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"जमलं!" बापाने आरोळी ठोकली. "अगं, जमलं! आता कुठ्ठे जायचं नाहीस तू! तुझ्याशिवाय मला करमत नाही!"

ग्रंथपाल बाईंनी चष्मा चढवला. "मोटर राहू दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "यांना बाहेर न्या."

लेकीने बापाचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. त्याचे डोळे पुसून होईपर्यंत ती थांबली.

"हे आधी म्हणाला असतात ना बाबा," ती म्हणाली, "तर मी त्या कंपनीला शब्दच दिला नसता."