बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत

पेल्यातल्या पाण्यात भिजत ठेवलेली वेताची एक पातळ पत्ती.

खिडकीत साठलेला गुडघेदुखीच्या मलमांचा ढीग. एकही ट्यूब फोडलेली नाही.

सँडलचं गंजलेलं बक्कल. नुसतं बक्कल, सँडल नाही.

दोन चमचे आणि टेबलाची कड. टक, टकाटक, टक.

दाराला बाहेरून कडी.

वाचकहो, या सगळ्या गोष्टी एकाच घरातल्या. आणि अशी घरं तुमच्याआमच्या गल्लीत किती आहेत हे कुणालाच माहीत नाही, कारण त्यांच्या कड्या बाहेरून लागलेल्या असतात. म्हणून आधी कडीचं.

*

कडी चिमणी लावायची. चिमणी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, चांगली भरभक्कम बाई. चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम तिरकी बसली तर नजरेनेच ओळखायची. पण बाबांच्या ऑर्केस्ट्रातल्या माणसांच्या मांडीवर ती वाढली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी ती जन्मभर चिमणीच.

सकाळी नवरा बस घेऊन डेपोतून निघायचा, ती दुकानात जायची. दुपारी नवरा परतायचा. मधले तास बाबा कडीच्या हवाली.

बाबा क्लॅरिनेट वाजवत. एके काळी शहरातल्या जुन्या सभागृहात त्यांचं नाव लागलं की लोक पायऱ्यांवर बसून ऐकत. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे. पुढे पुढे तर खाल्लं होतं हेही आठवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. ते नाव चिमणीने घरी आणलं आणि कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून द्यावं तसं ठेवून दिलं.

कडी लागण्यापूर्वी एकदा बाबा घरच्या चपला घालून, वाद्याची पेटी काखेत मारून थेट सभागृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "कार्यक्रम आहे," म्हणाले. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले.

"काय झालं हो यांना?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

चिमणीच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, गुडघे! गुडघे मोकळे करायला निघाले असतील."

झालं. त्या दिवसापासून बाबांना गुडघे झाले. कार्यक्रमाला का येत नाहीत? गुडघे. खिडकीतून हाक मारली तर ओळख का देत नाहीत? गुडघे फार ठणकतायत. माणसं भाबडी असतात. जो तो मलम आणून देऊ लागला. पोस्टमास्तरांनी तर स्वतः घरून दोन ट्यूबा आणल्या, म्हणाले, "आमच्याकडे पडूनच आहेत."

आणि बाबा दुपारी काचेच्या पेल्यात पाणी घेत, क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची पत्ती त्यात भिजत घालत. कोरडी पत्ती बोलत नाही; वाजवायच्या आधी ती भिजवावीच लागते. चिमणी संध्याकाळी येऊन पाणी ओतून टाकी. दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा भरलेला.

*

चमचे ठोकेकाकांचे.

ठोकेकाका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. समोर टेबल असो, कठडा असो, कुणाची पाठ असो, त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. एका रविवारी ते आले, खुर्चीत बसले आणि चमचे उचलून सुरू झाले.

"सभागृहाच्या जुन्या खुर्च्या काढतायत, चिमणे. नव्या येणार. त्याआधी एक संध्याकाळ आम्हा म्हाताऱ्यांना दिलीय. तुझ्या बाबाला न्यायला आलोय."

"काका, त्यांचे गुडघे..."

"अगं, क्लॅरिनेट तोंडाने वाजवतात."

चिमणीने त्यांना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि कपाटातलं नाव बाहेर काढलं. बोलताना तिचा आवाज आपोआप कुजबुजीत उतरला, चोरी सांगावी तसा.

ठोकेकाका ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मागच्या वेळी आलो तेव्हा त्याने मला विचारलं, ऑर्केस्ट्रात ड्रमवर हल्ली कोण असतं? मी म्हटलं, आहे एक गाढव. तो म्हणाला, नाही हो, चांगला वाजवतो तो. पन्नास वर्षांत तोंडावर असं कधी म्हणाला नव्हता मेला!"

"तुम्हाला हसू येतंय."

"मग काय रडू? ते घरी जाऊन रडलो."

चिमणी ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. "काका, त्या स्टेजवर बाबांचा केवढा मान होता. तिथेच ते चुकले तर लोक हसतील. फोन काढून चित्रण करतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे झाकलेली."

"मूठ फार दिवस झाकून ठेवली ना, चिमणे, तर बोटं आखडतात. मग उघडू म्हटलं तरी उघडत नाही." काकांनी चमचे खाली ठेवले. हे क्वचितच घडे. "आता एक खरं सांग. तू मान जपतेयस तो त्याचा की तुझा?"

चिमणी ओट्याची कोरडीच कड पुसत राहिली.

"माझा मुलगा गेला त्या वर्षी मी स्टेजवर बसलो आणि मधेच हरवलो. हात चालत होते, पण गाण्यात कुठे आहे ते कळेना. तुझ्या बाबाने पाहिलं आणि तोच फेरा परत घेतला. परत. अजून एकदा. सगळा ऑर्केस्ट्रा माझ्यासाठी गोल गोल फिरत राहिला, मी सापडेपर्यंत. समोरच्यांना पत्ता लागला नाही. आमचा नियमच होता तो: हरवलेल्याला सोडून पुढे जायचं नाही, आणि त्याच्यासाठी वाजवणं थांबवायचंही नाही. आता तो हरवलाय, तर तू दाराला कडी लावतेस?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून क्लॅरिनेट ऐकू आलं. चिमणीची आई गायची ते कंदिलाचं गाणं. एकही सूर इकडचा तिकडे नाही. चिमणी दारात गेली. बाबांनी वाद्य खाली घेतलं, तिच्याकडे आदबीने पाहिलं आणि विचारलं, "आपण नवीन का ऑर्केस्ट्रात?"

तिने नजर पेटीकडे वळवली. उघड्या पेटीत, पत्त्या ठेवायच्या कप्प्यात, ते गंजकं बक्कल होतं. एकदा कचरा म्हणून तिने ते उचललं तेव्हा बाबा लहान मुलासारखे रडले होते.

"हे कशाचं हो, काका?"

"मला नाही ठाऊक. त्याला ठाऊक होतं, आणि तुझ्या आईला. आता दोघांनाही विचारायची सोय नाही."

चिमणीने पेटीचं झाकण लावलं. मग चिमणी म्हणाली, "एकच गाणं. आणि आजाराचं कुणाला सांगायचं नाही."

*

सभागृहाला तोच वास होता. लाकूड, धूळ, आणि कुणाच्या तरी अत्तराची शिळी आठवण. विंगेतला पडद्याचा दोर तसाच, हातांनी गुळगुळीत झालेला. त्या दोराला धरून चिमणी लहानपणी उभी राहायची. आईची पर्स सांभाळत. आई गायिका. आई स्टेजवर गेली की पर्स चिमणीच्या गळ्यात.

आता आई नव्हती. पर्सही कुठे गेली कोण जाणे.

बाबा खुर्चीत बसले. पुढच्या रांगेत पोस्टमास्तर. त्यांनी हात हलवून स्वतःचा गुडघा दाबून दाखवला: ठीक आहे ना? चिमणीने मान हलवली.

ठोकेकाकांनी ठोका दिला आणि कंदिलाचं गाणं सुरू झालं.

काय सांगावं! पांढऱ्या केसांच्या माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात एक सुस्कारा फिरला. बाबांचे डोळे मिटलेले, पाठ ताठ, बोटं कळांवर अशी फिरत होती जणू ती आजारीच नाहीत. विस्मरण वर कुठेतरी झालं होतं, खाली बोटांना कुणी ती बातमीच दिली नव्हती. सुरुवातीचा लांब सूर आला. मग तो छोटा, झुलता तुकडा.

मग पुन्हा तो तुकडा.

पुन्हा.

पुन्हा.

विंगेत उभ्या चिमणीच्या लक्षात आलं. पुढे सरकत नव्हते बाबा! मागच्या रांगांत कुजबुज झाली. एक खुर्ची करकरली. कुणीतरी फोन वर धरला. पुन्हा तोच तुकडा. झालं, ज्याची भीती होती तेच झालं, सगळ्यांसमोर, याच स्टेजवर! तिने पडद्याचा दोर पकडला. आता ओढते. ओढतेच.

"चिमणे, सोड तो!" ठोकेकाका. हात ड्रमवर, मान तिच्याकडे, आवाज दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून. "तो चुकला नाहीये. थांबलाय. तुझ्या आईची जागा आहे ही!"

दोर तिच्या हातातच राहिला.

आई. आई नेहमी या विंगेतून उशिरा निघायची. पहिल्या कार्यक्रमाला म्हणे ती खरंच उशिरा आली होती आणि ती येईपर्यंत बाबा हाच तुकडा घोळवत राहिले. लोकांना वाटलं, मुद्दामच आहे. टाळ्या पडल्या, आणि मग तसंच बसून गेलं. दर वेळी बाबा डोळे मिटून घोळवत राहायचे, आई सावकाश चालत यायची आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची. मग गाणं पुढे जायचं. हे चिमणीने इथेच उभं राहून, गळ्यात पर्स अडकवून, किती वेळा पाहिलं होतं. आणि विसरली होती ती! घरात विसरणारे एकटे बाबा नव्हते.

तिने दोर सोडला. चालत गेली. विंगेपासून खुर्चीपर्यंतचं ते अंतर लहानपणी केवढं वाटायचं. तिने बाबांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

आणि गाणं पुढे गेलं!

जणू बंद पडलेली बस एका धक्क्याने सुरू व्हावी, तसा सगळा ऑर्केस्ट्रा वळण घेऊन निघाला. पण आता गायचं कुणी? चिमणीचा आवाज असा की लहानपणी आई म्हणायची, बाळा, तू पर्सच सांभाळ. तरी तिने तोंड उघडलं. "खिडकीपाशी ठेव कंदील, वळण ओलांडून येतेच मी..." पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी तिच्या एकटीची राहिलीच नाही. समोरच्या जुन्या खुर्च्यांमधून बायका गाऊ लागल्या होत्या, मग पुरुष, मग सगळे. शब्द सगळ्यांना येत होते. फोन वर धरलेला माणूसही गात होता.

शेवटचा सूर संपला. बाबांनी डोळे उघडले, खांद्यावरचा हात पाहिला आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज फार उशीर केलास."

"आले ना पण," चिमणी म्हणाली. आई असंच म्हणायची.

टाळ्या थांबेनात. चिमणी माइककडे वळली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत," ती म्हणाली.

लोक हसले.

"खरंच. गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं. बाबांना अल्झायमर आहे. मला लाज वाटत होती, म्हणून मी गुडघे सांगितले. तुमची मलमं सगळी घरी आहेत, ज्याची त्याने घेऊन जावीत."

कुणी हसलं नाही. मग पुढच्या रांगेत पोस्टमास्तर उभे राहिले. त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"आमच्याही घरी," ते म्हणाले, "म्हणजे आमच्या हिचे... गुडघेच आहेत." आणि ते खाली बसले. शेजारच्या अनोळखी बाईने त्यांचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "माझ्या भावाची पाठ."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना यातलं काही आठवत नव्हतं. कार्यक्रम नाही, टाळ्या नाहीत. खालच्या ओठावर फक्त पत्तीचा वळ होता, आणि चहा पिताना ते काही न कळता खूश होते.

चमत्कार झाला नाही. आजार आपल्या गतीने पुढे जात राहिला. पण चिमणीने स्क्रू ड्रायव्हर आणला आणि बाहेरची कडी काढली. मधल्या तासांना आता पोस्टमास्तर त्यांच्या हिला घेऊन येतात, कधी ठोकेकाका, कधी ती पाठीवाली बाई भावाला घेऊन. बाबांना कुणी एकटं सोडत नाही. बाबा वाजवतात. एखादा तुकडा दहादा आला तर दहादा. कुणी म्हणत नाही, हे झालं की हो वाजवून. काकांचे चमचे गोल फिरत राहतात. आणि पेल्यातलं पाणी आता संध्याकाळी ओतलं जात नाही. सकाळी चिमणीच ते ताजं भरते.

वाचकहो, बोध सांगायला हवा, तो असा. विसरणं हा आजार आहे. गुन्हा नव्हे, आणि घराण्याला लागलेला डागही नव्हे. आपल्या माणसाला झाकून त्याचा मान राहत नाही, राहते ती फक्त आपली भीती. तो एका जागी फिरत असेल तर तो संपला असं समजू नका. कदाचित तो कुणाची तरी वाट बघत असेल. जा. खांद्यावर हात ठेवा. आवाज चांगला नसला तरी चालेल!

*

अगदी पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी, सभागृहाच्या मागच्या जिन्यावर, आईच्या डाव्या सँडलचं बक्कल तुटलं होतं. ती स्टेजवर अनवाणी आली.