कासाबाईची काच

मित्रांनो, मला डोळा एकच. आरशावर उजेड पडला की मला दिसतं, विजेची वाट पाहावी लागत नाही. परभणीच्या कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक मी. माझी गोष्ट सलग नाही. काच बदलली की चित्र बदलतं, तशीच सांगतो.

काच. कांद्याचा पापुद्रा. माझ्यावर वाकलेली पेडगावची रोहिणी. तास संपला तरी उठेना.

काच. तिच्याच बोटाचं रक्त.

काच नाही. अडगळ, धूळ, भिंगावर बुरशी. तेवढ्या वर्षांत रोहिणी पुण्यात शिकली, रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करू लागली, एका मोठ्या संस्थेची संचालक झाली. मी भंगारात निघालो तेव्हा तिनंच मला मागून नेलं, भिंग साफ करून घेतलं. आता मानवतच्या तिच्या शिबिराला मी सोबत असतो. म्हाताऱ्या यंत्राला एवढा मान कुठे मिळतो?

काच. वालूरच्या कासाबाईचं रक्त. मेंढरं राखणारी बाई. तिचा रक्ताचा कर्करोग रोजच्या गोळीनं आटोक्यात राहणारा. तरी पांढऱ्या पेशींची गर्दी हटेना. गोळी लागू पडत नसेल, तर पुढचं औषध फार कडक. तिला ते सोसलं नसतं.

रोहिणीनं मान वर केली. "मावशी, गोळी रोज घेता ना?"

"घेती की."

"उपासाचं सांगा की, आत्याबाई!" सून बबिता म्हणाली.

"उपासाला कशी चालंल? सोमवार, गुरुवार, शनिवार तेवढी सोडती. अन् चतुर्थी, एकादशी."

"मग राहिलं काय, मावशी? एवढे उपास कशाला?"

"तुमची गोळी लागू पडू दे म्हणून!"

रोहिणी हसली नाही. तिनं कासाबाईचा हात धरला. "उपास सोडू नका. गोळीबी उपासातच धरा. भगर खाल्ली की गोळी."

"अन् देव कोपला तर?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव देवाला ठाव हाय का?"

"पेडगावच्या आबासाहेबाची लेक म्हणा. ओळखंल."

तेव्हापासून तिच्या संस्थेतले नवे संशोधक आधी मानवतला येऊन बसतात. रोगी काय खातात, कधी खात नाहीत, ते विचारतात. पेशी नंतर.

काच. पुन्हा कासाबाई. पांढऱ्या पेशी विरळ, आपापल्या जागी. एवढं सुंदर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर फडकं मारत जा. पण घरात कुणाची रोजची गोळी चालू असेल, तर आधी तिथं जा. घेतली का, विचारा. उपास आहे का, तेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.