डबीतलं औषध

चंद्रभानने डबी दोन गुडघ्यांत दाबली, डाव्या हाताने तिचा तळ धरला आणि उजव्या हाताने झाकण फिरवायला घेतलं. झाकण जागचं हललं नाही. हात लेंग्याला पुसून त्याने पुन्हा जोर लावला, तशी मनगटातून कळ गेली. चुलीशी बसलेल्या बायकोकडे न पाहताच तो म्हणाला, "नलू, हे यात काऊन भरलं वं?"

"बाटली अर्धी रिकामी होती ना जी," नलू तव्यावरची भाकर उलटवत म्हणाली. "हवेनं नासलं असतं तुमचं औषध. म्या मामंजीची चुन्याची पितळी डबी राखेनं घासली, उन्हात वाळवली अन् काठोकाठ भरून ठेवलं. लोणचं भरतो तसं. जराशी हवा नाई राहू देली."

आता एवढ्या मायेने केलेल्या कामाला नाव तरी काय ठेवणार? चंद्रभानने डबी खिशात टाकली. रिकामी बाटली कोनाड्यात आडवी पडली होती, ती रागारागाने हत्यारांच्या पिशवीत फेकली आणि तो बाहेर जाऊन बसला. डबीचा राग नव्हताच मुळी. राग होता तो स्वतःच्या हाताचा. बाईमाणसाने लावलेलं झाकण आपल्याला उघडता येऊ नये, इथवर गाडी आली होती.

जाम गावच्या फाट्यावर चंद्रभानचं दुकान म्हणजे एक टिनाचं छप्पर आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. पण ऐंशी सालाच्या आगेमागे आसपासच्या विहिरींवर जितकी डिझेल इंजनं धडधडत होती, त्यातली निम्मीअधिक त्याच्या हाताखालून गेलेली. चंद्रभानने आवळलेला नट सुटत नाई, असं लोक म्हणायचे, आणि तोही ते ऐकून मिशीत हसायचा. मग एका इंजनाच्या पट्ट्यात मनगट सापडलं. हाड जुळलं, जखम भरली, पण पकड काही परत आली नाही. पाना हातात राहायचा, जोर मात्र पान्यापर्यंत पोचायचाच नाही.

हे फक्त नलूला ठाऊक. ती कामावर त्याच्यासोबत जायला लागली. भाजी आणायला आले, काड्या वेचायला आले, काहीतरी निमित्त सांगायची. मालक अंमळ बाजूला झाला की पान्याच्या टोकावर आपलं वजन टाकायची आणि नट आवळून झाला की पदर सावरून पुन्हा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसायची. "चंद्रभानले बायकोबिगर करमत नाई," म्हणून फाट्यावर थट्टा व्हायची. होऊ दे. खरं कळण्यापेक्षा थट्टा बरी, असं दोघांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

पण दरवेळी मालक कुठला बाजूला व्हायला? मग नट ढिला राहायचा आणि आठ दिवसांत सुटायचा. पुंडलिकरावांच्या मळ्यावर असंच होत होतं. इंजन आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे नट चंद्रभानने आवळायचे आणि इंजनाने थरथरून ते सोडायचे. कोबीची रोपं माना टाकत होती. काल पुंडलिकरावांचा निरोप आला होता: उद्याचं शेवटचं, नाहीतर हिंगणघाटचा मेकॅनिक आणतो. पुंडलिकरावांनी सोडलं की त्या शिवारातले सगळे मळे सोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून तर ते औषध. नागपूरच्या एका कारखान्यात असलेला त्याचा भाचा ओमप्रकाश दिवाळीला आला, तेव्हा लाल औषधाची ती बाटली देऊन गेला होता. "मामा, नट पेट्रोलनं पुसून घ्या, एक थेंब टाका अन् साध्या हातानं आवळा. मंग इंजन कितीबी थरथरू द्या." बाटली अर्धीच कशी, असं चंद्रभानने विचारलंही. "कंपनीतून अशीच येते. तशीच राहू द्या." पण 'साध्या हातानं' हे शब्द कानात पडल्यावर पुढचं ऐकायची शुद्ध कोणाला होती? नलूला तर त्याने तेवढंही सांगितलं नाही.

दोघं मळ्यावर पोचले तेव्हा पुंडलिकराव विहिरीच्या काठावर उभेच होते. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, अजून अंगाने दरवाज्याएवढा. नलू सवयीने वांग्यांच्या वाफ्याशी रेंगाळली, मालक बाजूला होतील म्हणून, पण ते जागचे हलले नाहीत.

"आज मी इथंच उभा राहतो," ते म्हणाले. "पाहू तं दे, कसा आवळतं तू."

चंद्रभानने पिशवी खाली ठेवली. त्याने नट काढले, पेट्रोलने पुसले, आट्यांतलं तेल निघेस्तोवर पुन्हा पुसले. मग खिशातून डबी काढली. एकदा फिरवून पाहिली, दोनदा पाहिली. कपाळावर घाम आला. नलूने मान खाली घातली.

"काय हे? आण इकडं," पुंडलिकरावांनी डबी हिसकून घेतली. "चुन्याची डबी उघडत नाई तुह्याच्यानं, अन् इंजन दुरुस्त कराले निंगाला?"

त्यांनी झाकण चिमटीत धरलं आणि सहज फिरवलं. सहज काही फिरलं नाही. त्यांनी दुपट्टा गुंडाळून फिरवलं. मान लाल झाली, दंडाच्या शिरा फुगल्या. चंद्रभानच्या पिशवीतली पक्कड घेऊन त्यांनी असा काही हिसडा दिला की पितळेला पोचा पडला. झाकण तिथल्या तिथे.

"लेकाची डबी हाय का भूत हाय?" पुंडलिकराव धापा टाकत खाली बसले.

चंद्रभान त्यांच्याकडे पाहत राहिला आणि त्याला एकदम हसू फुटलं. कितीतरी महिन्यांत त्याच्या छातीवरचं ओझं असं उतरलं नव्हतं. हाताचा दोष नव्हता. निदान आज, या डबीपुढे तरी नव्हता.

"दगड झाला असन आत," नलू हळूच म्हणाली. तिने पिशवीतून ती रिकामी बाटली काढली आणि उन्हात तिरपी धरली. तळाशी उरलेली लाल रेघ सावकाश एका बाजूला सरकली. "अन् हे पाहा जी. हे पातळच हाय. जिथं हवा हाय तिथं ओलं, जिथं हवा कोंडली तिथं दगड. लोणच्याच्या उलटंच झालं की हे."

"अन् नटाच्या आट्यांत हवा कुठून येईन," चंद्रभान स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

बाटली उपडी करून त्याने एकेका बोल्टवर थेंब टाकला. चारही बोल्टांना जेमतेम पुरलं. मग पुंडलिकरावांच्या डोळ्यांदेखत, एकट्याने, जेवढी होती तेवढ्या ताकदीने त्याने नट आवळले.

पुंडलिकरावांनी नटाबाहेर आलेला लाल ओघळ बोटाने पुसला. "हे तं ओलंच हाय बापा."

"बाहेरचं ओलंच राहीन," नलू म्हणाली. "त्याले हवा लागून राह्यली ना. आतलं धरीस्तोवर जरा चहा होऊ द्या."

चहा झाला. पुंडलिकराव कपलिंगकडे पाहत होते आणि चंद्रभान आपल्या मनगटाकडे. मग न राहवून तो बोलून गेला, "मालक, हाताची पकड गेली माही. दोन वर्सं झाले. म्हून सुटत होते तुमचे नट."

हातातली डबी पुंडलिकरावांनी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. "माह्याच्यानं हे नाई उघडलं," ते म्हणाले, "मी तुह्या हाताले काय नाव ठेवू? चाल, इंजन चालू कर."

इंजन धडधडलं, पाटात पाणी आलं, कोबीच्या वाफ्यांत शिरलं. संध्याकाळी उतरत्या उन्हात चंद्रभानने पाना लावून पाहिला. नट जागचा हलला नव्हता. नलूने त्याला विचारलंही नाही. त्याचा चेहरा पाहिला आणि वांग्यांची ओटी भरून पुढे चालू लागली.

ओमप्रकाश पुढच्या बाटल्या पाठवत गेला. त्या अर्ध्याच असायच्या आणि कोनाड्यात तशाच राहायच्या. उन्हाळ्यात पुंडलिकरावांना कपलिंगचं रबर बदलायचं होतं. त्यांच्या गड्याने, श्रावणने, पान्याला लांब पाइप लावून लोंबकळून पाहिलं, पण नट सुटेना. शेवटी चंद्रभानलाच बोलावणं गेलं. त्याने झाळकामाच्या बत्तीच्या ज्योतीने नट चांगला तापवला, आतलं औषध मऊ पडलं तसा पाना लावला, आणि त्या अधू हाताने नट सुटला.

नलू त्या दिवशी घरीच होती. आता तिला यायचं काम पडत नसे. नवं रबर बसवून चंद्रभानने थेंब टाकला आणि नट आवळायला पाना उचलला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण पाना मधोमध धरला आहे. टोकाकडची जागा त्याने सवयीने मोकळी सोडली होती, एका हाताला पुरेल एवढी.